एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

टेम्बिसा,
७ जुलै २०१९

आदरणीय वेसल काका,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र चुलीत घातलं नसेल, तर पुढे वाचा. आणि आधी हेटी काकूंच्या हाती पडलं असेल तर काकू, निदान तुम्ही तरी वाचा. त्यांना द्यायचं की नाही ते मग ठरवा. फोन तुम्ही उचलत नाही. सात वेळा केला, आठव्यांदा मला लाज वाटली.

इकडे जुलैची थंडी कोरडी पडली आहे. पत्र्यावर पहाटे पांढरं दिसतं आणि दुपारी डोळ्यांत धूळ जाते. माझा डावा गुडघा विमानाच्या पोटाखाली रांगून रांगून आता जिन्यावर कुरकुरतो. आई बरी आहे. ऐंशीची झाली, पण जीभ विशीचीच. अजून तुम्हाला "तुझा तो गोरा" म्हणते. काकूंच्या जर्दाळूच्या मुरंब्याची शेवटची बरणी नेमकी जूनमध्येच संपली.

हँगरमध्ये सगळं तसंच आहे. स्टोअरचा म्बुलेलो पाच वाजले की अजून ओरडतो, "फळा भरा रे, फळा भरा!" नवी पोरं त्याची नक्कल करतात. तुम्ही संसदेच्या समितीपुढे तो हत्यारांचा फळा किती सोपा करून सांगितला होतात! हत्यार घेताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्याच्या खिळ्यावर टांगायचा, हत्यार परत आणून तिथे टांगलं की बिल्ला काढून घ्यायचा, आणि संध्याकाळी एक जरी बिल्ला लटकत असला तरी विमान जागचं हलवायचं नाही. झोपाळलेले खासदारसुद्धा मान वर करून ऐकत होते. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. हे सांगायचं राहून गेलं, कारण पुढच्या दहा मिनिटांत मी जे केलं ते सगळ्या देशाने पाहिलं.

तर आता जूनबद्दल.

आपली विमान कंपनी बुडते आहे, तिला पुन्हा जनतेच्या पैशातून वर काढायचं की नाही, यावर केप टाऊनला सुनावणी होती. विरोधी पक्षाने तुम्हाला जाणकार म्हणून बोलावलं होतं, मी कामगारांची प्रतिनिधी म्हणून गेले होते. तुम्ही म्हणालात, "पैसे देण्याआधी सुटे भाग कोण विकतंय ते बघा. एक्क्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, आमच्या वेळी फळा रोज पाच वाजता भरायचा. आज भरत नाही." आणि मी उठले. म्हणाले, "तेव्हा फळा भरायचा कारण आमच्यासारख्यांना हत्याराला हात लावू देत नव्हते. या गृहस्थांना ते दिवस परत हवेत. हा वर्णद्वेष आहे." अर्ध्या सभागृहाने बाकं वाजवली, अर्ध्याने आरडाओरडा केला. तुम्ही कागद गोळा केलेत आणि बाहेर पडलात. तुमची टोपी खुर्चीवरच राहिली होती.

त्यानंतर मी इथे मोठी माणूस झाले. कोपऱ्यावरची टपरीवाली आठवडाभर माझ्याकडून पैसे घेईना. पाव पोखरून त्यात चिप्स आणि सॉसेज भरून हातात द्यायची आणि म्हणायची, "खा गं वाघिणी." कोणीतरी माझं वाक्य छापून टी-शर्ट काढले. मापाने मोठा होता म्हणून मी घेतला नाही, असं सांगितलं.

सगळंच परत घेते असं मी म्हणणार नाही. शहाण्णव साली त्या हँगरमध्ये आम्ही चार काळे शिकाऊ होतो. आम्ही जवळून गेलो की लोक आपापल्या हत्यारांच्या पेट्यांना कुलूप लावायचे. तुम्ही लावत नव्हता. तुम्ही मला रेंच कसा धरायचा ते शिकवलंत, तुमच्या डब्यातलं खायला दिलंत. पण तुम्हाला त्या वेळचा भरलेला फळा आठवतो आणि ती कुलुपं आठवत नाहीत, याचा मला खरंच राग आला होता. अजून आहे.

पण मी उठले ती त्यासाठी नाही, काका.

हे वाक्य लिहून मी चहा करून आले. आता पुढचं लिहिते. सुट्या भागांचं तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी. एप्रिलमध्ये मीच फोनवर रडले होते. रबरी सील एका मधल्या माणसाकडून चौपट भावाने येतात, पुडक्यावरचा नंबर एक आणि कागदावरचा दुसरा, आणि मी ते चाकांत बसवते आहे आणि सही करते आहे. तुम्ही म्हणालात, "लिहून दे." मी म्हणाले, "मला काढून टाकतील, आई आहे घरात." मग तुम्ही म्हणालात, "बरं, मी बोलतो. मला कोण काढणार?"

त्या दिवशी तुमच्या त्या फळ्याच्या वाक्यावर एका खासदाराने तुम्हाला विचारलं, "निवृत्त होऊन सात वर्षं झाली, मग हे तुम्हाला आतून कोणी सांगितलं?" तुम्ही पाण्याचा घोट घेतलात. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मी तिसऱ्या रांगेत होते. वाटलं, आता नाव सांगतील. आणि तुम्ही नाव सांगायच्या आत मी उठले. त्यानंतर तुम्हाला कोणीच काही विचारलं नाही. सीलचा विषय तिथेच संपला. त्याच आठवड्यात पैसे मंजूर झाले, एकही अट न घालता, आणि आता ते कुठे गेले हे कोणालाच सांगता येत नाही.

तुम्ही नाव सांगणार नव्हता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आता कंपनी म्हणते, वर्कशॉपच बंद करा, विमानं दुरुस्तीला परदेशी पाठवा. दोनशे बारा माणसं आहोत. अठरा सप्टेंबरला पुन्हा सुनावणी आहे. सीलबद्दल बोलले तर वर्कशॉप का बुडालं ते तरी लोकांना कळेल. पण मग मला कसं माहीत तेही सांगावं लागेल, आणि जूनमध्ये मी तुमचं तोंड कशाने बंद केलं तेही. युनियनचा म्त्शाली म्हणतो, "पुलेंग, जूनचंच भाषण पुन्हा ठोक. चालतंय ना ते!" धीर होईल की नाही मला सांगता येत नाही.

तुमच्याकडे काही मागत नाही. मुरंब्याची बरणी धुऊन ठेवली आहे, एवढंच.

तुमची (अजून लिहू ना?)
पुलेंग


मु. प्रिन्स अल्बर्ट,
३ ऑगस्ट २०१९

पुलेंग,

पत्र पोचलं. हेटीने आधी वाचलं. मग माझा चष्मा शोधून आणला आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवून बागेत निघून गेली. चाळीस वर्षांच्या संसारात ती असं दोनदाच वागली आहे.

टोपी पोस्टाने पाठवलीस ती तूच, हे मला कळलं होतं. आत चिठ्ठी नव्हती.

मी रागावलो होतो. हिला मी शिकवलं, मी डबा दिला, आणि ही मला असं बोलते. दोन महिने हेच उगाळत बसलो. इथे गावात माझंही कौतुक झालं, ते ऐक. खाटकाने दुकानाबाहेर येऊन हात मिळवला. शेजारचा ब्रँडी घेऊन आला आणि म्हणाला, "वेसल, बरं सुनावलंस त्यांना!" मी कोणालाच सुनावलं नव्हतं, मी सीलबद्दल बोललो होतो. पण त्याला मी तसं सांगितलं नाही. बसलो आणि त्याची ब्रँडी प्यालो. त्याने माझ्या बोलण्यात जे ऐकलं तेच तूही ऐकलंस. दोन टोकांच्या माणसांना एकच ऐकू आलं, म्हणजे माझ्या बोलण्यातच काहीतरी होतं.

आता माझं ऐक. हे मला बावीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

फेब्रुवारी सत्त्याण्णव. लाल पट्टीचा टॉर्च तू तुझ्या ११७ नंबरच्या बिल्ल्यावर घेतला होतास. चाकाच्या खोबणीत आपण दोघं होतो. मला एक नळी बघायची होती, मी तुझ्या हातातून टॉर्च घेतला आणि बघून झाल्यावर स्वतःच्या खिशात टाकला. अंगाची सवय. गुरुवार होता. पाच वाजता तुझा बिल्ला लटकत राहिला. विमान तीन दिवस अडकून पडलं. तुझी पिशवी फोरमनने जमिनीवर पालथी केली, तुझा डबा, तुझा रुमाल, सगळं. तुला सहा महिने विमानापासून लांब ठेवलं आणि हातात झाडू दिला.

शनिवारी हेटी माझे कपडे धुवायला काढत होती, तिला खिशात टॉर्च सापडला. सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मी तो स्टोअरच्या कपाटामागे ठेवला. सापडला. फळा भरला. लोक म्हणाले, बघा, आपला फळा कसा भरतो. मी काही बोललो नाही. माझं बढतीच्या यादीत नाव होतं, आणि मी घाबरलो होतो. तुला डबा द्यायला लागलो तो त्यानंतर. त्याआधी नाही. आठवून बघ.

माझा खिसा कोणीही तपासला नाही, पुलेंग. मी तिथेच उभा होतो, चार पावलांवर. तो बिल्ला आमच्यातल्या एखाद्या पोराचा असता तर फोरमनने सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले असते. तुझा होता म्हणून कोणालाच तसं सुचलं नाही. मलाही नाही. तू जूनमध्ये माझ्यासाठी जो शब्द वापरलास तो घेऊन मी रोज बागेत फिरलो आणि शेवटी त्या खिशापाशी येऊन थांबलो.

आणि मी देशाच्या संसदेत सांगितलं की आमच्या वेळी फळा रोज भरायचा.

केप टाऊनला मी पुन्हा येणार नाही. मी तोंड उघडलं की लोक सील ऐकत नाहीत, माझा चेहरा बघतात. तू बोल. तुझ्याकडची पुडकी आणि कागद जपून ठेवले असशील, माझी शिकाऊ आहेस.

निवृत्त होताना आपल्या नंबरचे पाचही बिल्ले परत करायचे असतात. मी चार दिले, एक हरवला असं लिहून दिलं. तो यात आहे. ४१. त्या टॉर्चच्या खिळ्यावर हा असायला हवा होता.

मुरंबा वेगळ्या पार्सलने येतोय. हेटीने पाठवलाय, मी नाही.

वेसल


टेम्बिसा,
२२ सप्टेंबर २०१९

प्रिय वेसल काका,

मुरंबा आधी आला, पत्र नंतर. पोस्टाची कृपा. त्यामुळे मी अर्धी बरणी संपवून खुशीत होते, आणि मग पत्र उघडलं.

खोटं कशाला सांगू, मी ते फेकलं. बिल्ला टेबलाखाली घरंगळत गेला. सहा महिने, काका! बावीस वर्षांची पोर होते. टेम्बिसातली पहिली मुलगी विमानाचं काम शिकते म्हणून गल्लीने मेंढी कापली होती, आणि मी रोज सकाळी गणवेश घालून झाडू मारायला जात होते. आईला सांगितलं नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन हात ग्रीसने माखून घ्यायची आणि मग घरी यायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की टॉर्च मीच कुठेतरी ठेवून विसरले. आजही मी प्रत्येक हत्यार तीनदा मोजते. लोक म्हणतात, पुलेंग किती काटेकोर! काटेकोर नाही हो, ती भीती आहे.

तिसऱ्या दिवशी आईने पत्र मागितलं. वाचून दाखवलं. तिने आयुष्यभर गोऱ्यांच्या घरी कपडे धुतले, हे तुम्हाला माहीत आहे. सगळं ऐकून घेतलं आणि तिने काय विचारावं? "त्याची बायको स्वतः कपडे धुते?"

म्हटलं, "हो, धुते."

"मग चांगली असेल." पुढे म्हणाली, "मला लोकांच्या खिशांत काय काय सापडायचं. मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. हा न विचारता सांगतोय. बिल्ला उचल खालचा." मी उचलला. राग अजून आहे, पण आता तो बसून जेवण्याइतका शांत झाला आहे. तुमच्यावर रागावता येतं याचंच मला बरं वाटतं. इतकी वर्षं मी स्वतःवर रागावत होते.

आता अठरा तारखेचं.

मी बोलले. कागद न बघता. म्हणाले की सीलचं जूनमधल्या त्या गृहस्थांना मीच सांगितलं होतं, आणि माझं नाव बाहेर येईल या भीतीने मी त्यांना वर्णद्वेषी म्हणून गप्प केलं. म्त्शालीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. मागून कोणीतरी ओरडलं, "नारळ! वरून तपकिरी, आतून पांढरी!" बाकं वाजली, या वेळी दुसऱ्या बाजूची. आणि तो गुळगुळीत टक्कलवाला विरोधी खासदार, ज्याने तुम्हाला बोलावलं होतं, लगेच उठला. "अध्यक्ष महोदया, म्हणजे तो आरोप निव्वळ खोटा होता, असं नोंदवून घ्या."

मी म्हणाले, "नाही साहेब, तसं नोंदवू नका. सील चौपट भावाने येतात हे खरं आहे. आणि आम्ही शिकायला आलो तेव्हा पेट्यांना कुलुपं लागायची हेही खरं आहे. माझी चूक अशी की एक खरं झाकायला मी दुसरं खरं वापरलं. तुम्ही लोक तेच दर सुनावणीला करता. कोणी चोरीबद्दल विचारलं की हे वर्णद्वेष म्हणून ओरडतात, कोणी वर्णद्वेषाबद्दल बोललं की तुम्ही चोरी म्हणून ओरडता. मधल्या मध्ये आमची विमानं उघडी पडली आहेत."

मग बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला. त्यात अकरा पुडकी होती, तारखेसह, आणि प्रत्येकाचा कागद. तुम्ही म्हणालात तसंच, जपून ठेवली होती. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून एकेक पुडकं हातात घेतलं.

निकाल असा: वर्कशॉप सहा महिने बंद करायचं नाही. वर्कशॉपचे पैसे कंपनीच्या हाती न देता वेगळे ठेवायचे. आणि त्या मधल्या माणसाचा करार समितीपुढे उघडायचा. सहा महिने म्हणजे काही जन्माची भाकरी नव्हे, मला कळतं. पण जुलैमध्ये आमच्याकडे सहा आठवडेही नव्हते. माझी नोकरी आहे, अजून तरी. प्रतिनिधीपद गेलं. टपरीवाली आता पैसे घेते, पण सॉसेज अजून मोठाच घालते. म्त्शाली माझ्याशी बोलत नाही, मात्र शुक्रवारी माझ्यापुढे चहाचा कप ठेवून गेला, आणि त्यात दोन चमचे साखर होती, मला लागते तेवढीच.

टॉर्चबद्दल मी समितीपुढे अवाक्षर काढलं नाही. ते सांगणं माझं नाही, तुमचं आहे. आणि संसदेत सांगायचंही नाही.

मग कुठे, ते सांगते. नोव्हेंबरपासून नऊ शिकाऊ येत आहेत, सहा मुली. शिकवायला माणूस नाही, म्हणून वर्कशॉपने जुन्या हातांची यादी मागवली आहे. पहिलं नाव मी तुमचं दिलं. विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता. राहायची सोय आमच्याकडे. आई म्हणते, तुझ्या गोऱ्याला सांग, इथे कपडे ज्याचे त्याने धुवायचे. त्या नऊ जणांना पहिल्या दिवशी फळा समजावून सांगा, आणि त्याच बैठकीत तो गुरुवारही सांगा. खिसा कोणाचा तपासला आणि कोणाचा नाही, तेही. तुमच्याकडून ऐकलेलं ती विसरणार नाहीत.

तो लाल पट्टीचा टॉर्च कधीच बाद झाला आहे. शिकाऊंच्या खोलीत सरावासाठी एक छोटा फळा लावलाय, तिथे तो असायचा. असायचा म्हणते, कारण तो या पत्रासोबतच्या पार्सलमध्ये आहे. खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्याच्या खिळ्यावर मी तुमचा ४१ टांगला आहे. म्बुलेलोने कंबरेवर हात ठेवून विचारलं, "हा कोणाचा? हा माणूस तर गेला." मी म्हटलं, "गेला नाही. हत्यार त्याच्याकडे आहे, आणायला निघालाय."

नियम तुम्हीच शिकवलात. रोज पाच वाजता तो ओरडतो, सगळे आपापले बिल्ले काढून घेतात, आणि तो एक तिथेच राहतो.

येताना टॉर्च विसरू नका.

तुमची
पुलेंग
बिल्ला क्र. ११७